‘कुठं आहेस?’ हे विचारायचं नसतं



संयोजकांनी फोन करून सांगितलं, ‘तुझा मुलगा फौजेत आहे, एवढ्या लांब असलेल्या मुलाशी तुम्ही संबंध कसा टिकवता यावर पंधरा मिनिटं बोल.’ मी म्हटलं, पंधरा मिनिटं कशाला? तो फोन करतो, आम्ही उचलतो, झालं. पण मग आपली यादी पाहिली. १९८७ च्या आपल्या दहावीच्या बॅचमधल्या चौघांची मुलं आज फौजेत आहेत. एकीचा जावई सीमा सुरक्षा दलात आहे. एकाचा मुलगा नुकताच अग्निवीर म्हणून निवडला गेलाय, त्याचे पेढे आपण आज सकाळीच खाल्ले. तेव्हा बोलते. मी अंगणवाडीत असते, माझे श्रोते एरवी चार वर्षांचे असतात आणि मध्येच उठून जातात. तुम्ही बसून राहिलात तरी पुष्कळ झालं.

आपल्या सातारा जिल्ह्याला फौज नवी नाही. अपशिंगे गावाला सगळे मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. मुलगा भरती झाला की गुलाल कसा उधळायचा, रिटायर होऊन आला की जीपमधून मिरवणूक कशी काढायची, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मधली पंधरा-सतरा वर्षं घरच्यांनी काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. मला ते थोडंफार माझ्या सासऱ्यांनी शिकवलं.

मामंजी मराठा पलटणीत हवालदार होते. १९६७ साली ते नेफात होते, म्हणजे आजच्या अरुणाचलात. त्यांच्या आईला लिहिता येत नव्हतं. घरचं पत्र गावातल्या प्राथमिक शाळेचे गुरुजी लिहायचे. आज इथं बसलेल्या गुरुजनांपैकी काहींनी उमेदीच्या काळात अशी किती पत्रं लिहून दिली असतील, ते त्यांनाच ठाऊक. गुरुजींचं अक्षर सुरेख, पण पत्र नेहमी एकाच साच्याचं : चिरंजीवास अनेक आशीर्वाद, पाऊसपाणी ठीक, मनिऑर्डर पोचली, बाकी सर्व क्षेम. त्यात आईचं असं काय, तर पत्र पुरं झालं की ती कोपऱ्यात हळदीचं बोट टेकवायची. मामंजी सांगायचे, ‘मी पत्र वाचायच्या आधी कोपरा बघायचो.’

एकदा पत्र आलं. पाऊसपाणी ठीक, बाकी सर्व क्षेम. कोपरा कोरा. ते कुणाशी काही बोलले नाहीत. दीड महिन्यानं सुट्टी मिळाली, गावच्या फाट्यावर उतरले, तेव्हा कुणीतरी सांगितलं की आई जाऊन दोन महिने झाले. वडिलांनी विचार केला होता, पोरगं लांब आहे, कशाला जिवाला घोर. पण त्या दीड महिन्यात घोर चुकला थोडाच? तो एकट्यानं सोसला गेला, एवढाच फरक. त्यापुढे घरून आलेल्या कुठल्याही ‘सर्व क्षेम’वर त्यांचा विश्वास उरला नाही. आम्हाला सांगायचे, ‘घरचे खरं सांगतात असं माहीत असलं की गडी निवांत झोपतो. लपवतात असा संशय आला की प्रत्येक चांगल्या बातमीच्या मागंसुद्धा काहीतरी शोधत बसतो.’

माझा थोरला २०१४ ला भरती झाला. कोणत्या युनिटला आहे, आत्ता कुठं आहे, ते मी इथं सांगणार नाही. या भाषणाची स्मरणिकेत छपाई होणार आहे आणि स्मरणिका कुणाच्या हाती जाईल याचा नेम नाही. हीच पहिली शिस्त. फोन आला की आपल्या तोंडी पहिला शब्द येतो, ‘कुठं आहेस?’ तेच विचारायचं नसतं. कधी निघणार, किती जण आहात, कुठल्या वाटेनं जाणार, हेही नाही. सुरुवातीला फार अवघड जातं. आईनं मुलाला कुठं आहेस म्हणून विचारायचं नाही, तर मग विचारायचं तरी काय?

विचारायचं थोडं आणि सांगायचं जास्त, असं आम्ही ठरवलं. तिकडचं त्याला सांगता येत नाही, मग इकडचं आपण भरभरून सांगावं. म्हैस व्याली, रेडी झाली. बसस्टँडवरच्या वडेवाल्यानं दुकान नवं केलं, पण वडा लहान केला. शेजारच्या काकूंनी मोबाईलवर भजनाचं मंडळ काढलंय आणि सगळ्याजणी एकदम गातात म्हणून काहीच ऐकू येत नाही. आमच्या यांना वाटायचं, तो तिथं बर्फात उभा आणि ही म्हशीचं काय सांगत बसलीय! पण पोरगं त्यावरच प्रश्न विचारायचं. वडा केवढ्याला झाला? रेडीचं नाव काय ठेवलं? पुढच्या फोनला त्याच्या तोंडी पहिलं वाक्य, ‘रेडी कशी आहे?’

आता पत्त्याबद्दल, कारण ज्यांची मुलं नवीन गेलीत त्यांना हे उपयोगाचं. सैन्यातल्या माणसाच्या पत्त्यात गावाचं नाव नसतं. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि खाली ‘मार्फत ५६ एपीओ’. पूर्वेकडे असेल तर ९९ एपीओ. ५६ एपीओची टपालं आधी दिल्लीच्या सैनिकी टपाल केंद्रात जातात आणि तिथून युनिट जिथं असेल तिथल्या फील्ड पोस्ट ऑफिसात. युनिट हललं तरी पत्ता तोच राहतो. सैन्याची टपालसेवा १ मार्च १९७२ पासून स्वतंत्र कोर आहे, पण तिथली पुष्कळ माणसं आपल्या टपाल खात्यातूनच डेप्युटेशनवर गेलेली असतात. अडीच रुपयांचं अंतर्देशीय पत्र अजून मिळतं. तुम्ही म्हणाल, व्हिडिओ कॉलच्या काळात पत्र कोण लिहितं? मी लिहिते. फोनला रेंज लागते, पत्राला लागत नाही. शिवाय पत्र खिशात राहतं. ड्यूटीवरून आल्यावर पुन्हा वाचता येतं, फोन पुन्हा ऐकता येत नाही.

पार्सलमध्ये ओलं काही पाठवू नका. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, तिळाचे लाडू चालतात. कंदी पेढे थंडीत चालतात. आणि पाठवाल ते एकट्यापुरतं पाठवू नका. त्याच्या हाताला दोन लाडू लागतात, बाकी सगळे सेक्शनमध्ये जातात, आणि तसंच व्हायला हवं.

आता २०१९ चं सांगते. त्या वर्षी तो काश्मीरमध्ये होता. ५ ऑगस्टला तिथले फोन आणि इंटरनेट बंद झाले, ते तुम्हाला आठवत असेल. टीव्हीवर तावातावानं चर्चा चालल्या होत्या. त्यात कुणाचं बरोबर, कुणाचं चूक, तो विषय आजचा नाही. आमच्यापुरतं एवढंच होतं की रोज ना उद्या येणारा फोन येईना. तिथल्या सर्वसामान्य लोकांचीही तीच गत होती. त्यांचीही मुलं बाहेरगावी शिकायला होती, त्यांनाही आईचा आवाज ऐकू येत नव्हता. हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं.

आणि त्याच आठवड्यात इकडे कृष्णा-कोयनेला पूर आला. कराड, सांगली, कोल्हापूर, सगळीकडे पाणी. म्हणजे आम्ही त्याच्या काळजीत आणि तो आमच्या काळजीत, आणि मध्ये तार नाही. आमच्या गावात पाणी मारुतीच्या देवळाच्या पायऱ्यांना लागलं. जनावरं माळावर हलवली. त्या गडबडीत, रात्री, मामंजींना अर्धांगाचा झटका आला. ट्रॅक्टरमधून पाण्यातून काढून त्यांना दवाखान्यात नेलं. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली.

नवव्या दिवशी युनिटच्या फोनवरून त्याचा फोन आला. मागं रांग होती, दोन मिनिटं मिळाली होती. पहिलाच प्रश्न, ‘पाणी कुठवर आलंय?’ आमचे हे समोर उभे राहून हातानं खुणा करत होते, आबांचं सांगू नकोस. त्यांचं म्हणणं काही वेडेपणाचं नव्हतं, तेवढं मला कबूल आहे. पोरगं हातात रायफल घेऊन उभं आहे, मन थाऱ्यावर नसलं आणि काही झालं तर? कुठल्याही बापाला हेच वाटेल. पण माझ्यासमोर मामंजींचा तो कोरा कोपरा होता.

मी सांगितलं. पण कसं सांगायचं ते मनात आधीच जुळवून ठेवलं होतं. असं सांगताना आधी उपाय सांगावा, मग दुखणं. म्हटलं, ‘आबा दवाखान्यात आहेत, डॉक्टर दोनदा बघून जातात, जिवाचा धोका टळलाय, तात्या रात्री जवळ झोपतात. अर्धांगाचा झटका होता. आता पाणीही उतरतंय.’ तिकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, ‘बोलता येतंय का त्यांना?’ म्हटलं, ‘नाही नीट. ऐकू येतंय.’ म्हणाला, ‘मग त्यांना सांग, मी ठीक आहे म्हणून. आणि बरं झालं आई सांगितलंस.’ फोन संपला.

लगेच यायला काही मिळालं नाही. १४ ऑक्टोबरला तिथले पोस्टपेड मोबाईल सुरू झाले, मग रोज संध्याकाळी तो आजोबांच्या कानाशी बोलायचा आणि ते डावा हात हलवायचे. ऑक्टोबरच्या शेवटी सुट्टीवर आला. वीस दिवस त्यांची दाढी त्यानंच केली. जानेवारीत मामंजी गेले तेव्हा तो इथं नव्हता. पण त्या रात्री त्याला कळवलं, मोबाईल पार्थिवाजवळ धरला, आणि त्यानं तिकडून जे बोलायचं ते बोललं. काय बोलला ते मी ऐकलं नाही, मी बाजूला झाले होते.

कुणी विचारेल, मग घरातलं सगळंच सांगायचं का? नाही. लपवणं वेगळं आणि रडगाणं वेगळं. भावकीत बांधावरून काय बोलाचाली झाली, कोण लग्नाला आलं नाही, सुनेनं भाजीत मीठ किती घातलं, हे दोन हजार किलोमीटरवर नेऊन पोचवायचं कारण नाही. तो तिथून काही करू शकत नाही, नुसता कुढत बसतो. आता बांधाचा वाद कोर्टात जाण्याएवढा असेल तर जरूर सांगा, कारण तेव्हा तो काही करू शकतो. युनिटकडून जिल्हाधिकाऱ्यांना पत्र जातं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथं अर्ज देता येतो. आमच्या ओळखीच्या एका घरचं रस्त्याचं प्रकरण असंच मार्गी लागलं.

आजारपणाच्या बाबतीत आणखी एक. पूर्वी तार असायची, ‘मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली’. सुट्टी मिळावी म्हणून लोक धडधाकट आईला सीरियस करायचे. मामंजी सांगायचे की पलटणीत एकाची आई तीनदा सीरियस झाली, चौथ्यांदा खरंच झाली तेव्हा साहेबांनी आधी खात्री करून घेतली आणि त्यात दोन दिवस गेले. तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण ती खोड काही गेली नाही, आता फोनवरून चालते. खोटं दुखणं सांगून मुलाला बोलावू नका. खऱ्या वेळी तेच आडवं येतं.

आता सासवांशी बोलते. तुमच्यापैकी ज्यांची मुलं लग्नाळू आहेत त्यांनी नीट ऐका. मुलाला दहा मिनिटं मिळाली तर त्यातली किती आईची आणि किती बायकोची? हा प्रश्न फौजेतल्या घराघरात आहे आणि त्यावर कुणी भाषण करत नाही. आमच्याकडे लग्न झाल्यावर मी सांगून टाकलं, पहिला फोन तिचा. ती खोलीत जाऊन, दार लावून बोलेल. आम्हाला दोन शब्द मिळाले तर मिळाले. माझ्या नणंदेला हे पटलं नाही, आजही पटलेलं नाही. पण फील्ड पोस्टिंगला बायकोला सोबत नेता येत नाही. नवी मुलगी परक्या घरात, आणि जिच्यासाठी आली तो माणूस लांब. सासूसासऱ्यांसमोर उभं राहून ती स्पीकरवर काय बोलणार? ‘हो, बरी आहे, जेवले.’ गुरुजींच्या पत्रासारखंच झालं की ते. आणि खरं सांगू का, ती दार उघडून बाहेर आली की तिचा चेहरा बघून मला सगळं कळतं.

यापुढचं तुम्हा सगळ्यांसाठी आहे, मुलं फौजेत असोत वा नसोत. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामाला सीआरपीएफचे ४० जवान गेले. त्या रात्री मला अठरा फोन आले. ‘तुझा तिथंच आहे ना?’ प्रत्येकाला मनापासून काळजी होती, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण विचार करा. त्या वेळी आमची एकच इच्छा असते की फोन मोकळा राहावा. प्रत्येक रिंगला काळीज हलतं, आणि उचलल्यावर कळतं की अमुक तमुक चौकशी करतायत. खरी बातमी युनिटकडून येते, टीव्हीच्या पट्टीवरून येत नाही. पुढच्या वर्षी १५ जूनला गलवानचं झालं, २० जण गेले, तेव्हा आधी आकडा वेगळाच सांगत होते. म्हणून विनंती आहे, अशा रात्री फोन करू नका. सकाळी घरी या. बसा. चहा करायला लागा, आम्हाला सुचत नसतं. त्या गलवानच्या वेळी आपल्या वर्गातली एक मैत्रीण, ती इथंच बसलीय, सकाळी सातला भाकरी बांधून आली आणि दुपारपर्यंत आमच्या अंगणात शेंगा फोडत बसली. एक प्रश्न विचारला नाही तिनं.

तसंच फोटोचं. २०२० च्या जुलैत सैन्यानं जवानांना ८९ अ‍ॅप मोबाईलमधून काढायला लावले, त्यात फेसबुक होतं, इन्स्टाग्राम होतं. जवानानं काढलं, पण मामाच्या, मावशीच्या, शेजारच्या पोराच्या फेसबुकवर त्याचा वर्दीतला फोटो, मागं पाटी, खाली ‘आमचा वाघ अमुक ठिकाणी’! आपल्या बॅचच्या ग्रुपवरही असे फोटो येतात. कौतुक आहे हे कळतं मला. पण ते कौतुक घरात फ्रेम करून भिंतीला लावा. आणि अनोळखी फोनवर कुणी गोड आवाजात ‘ऑफिसमधून बोलतोय, मुलाचं युनिट सांगा’ म्हणालं, तर फोन ठेवून द्या. खऱ्या ऑफिसला मुलाचं युनिट आपल्याला विचारावं लागत नाही.

सुट्टीबद्दल थोडं बोलते आणि थांबते, जेवण तयार झाल्याची खूण करतायत. जुन्या भरतीच्या जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची कॅज्युअल सुट्टी असते. अग्निवीराला वर्षाला ३०. मिळेल तेव्हा मिळेल. एवढ्याशा दिवसांत आपण काय काय कोंबतो! विहिरीची मोटर, सातबाऱ्याची दुरुस्ती, चुलत बहिणीचं लग्न, शाळेत पोरांपुढे भाषण, पाहुण्यांकडे बोलावणी. एका सुट्टीत आमचा म्हणाला, ‘आई, ही सुट्टी आहे का फटीग?’ फटीग म्हणजे त्यांच्याकडे साफसफाईची, ओझी उचलायची ड्यूटी. तेव्हापासून पहिले चार दिवस त्याला काही सांगायचं नाही असा नियम केला. झोपतो. दुपारी उठून म्हशीपाशी जाऊन उभा राहतो. रात्री मध्येच उठून अंगणात फेऱ्या मारतो, तेव्हा मी दिवा लावत नाही, आतूनच खोकते, म्हणजे त्याला कळतं की मी जागी आहे. कधी येऊन बसतो, कधी बसत नाही. ‘तिकडं काय काय बघितलंस’ हे मी विचारत नाही. एकदा आपण होऊन सांगितलं थोडं, कांदे निवडता निवडता. ते मी कुणाला सांगितलेलं नाही, आजही सांगणार नाही.

ज्यांचा मुलगा अग्निवीर म्हणून चाललाय त्यांनी जेवणाच्या मांडवात मला गाठा. ट्रेनिंगच्या काळात फोन क्वचितच येतो, तेव्हा पत्राचाच आधार आहे. मी येताना वीस अंतर्देशीय पत्रं घेऊन आलेय. सध्या त्याच्या ट्रेनिंग सेंटरचा पत्ता घाला, ५६ एपीओ पुढे लागेल. पत्रावर नंबर आणि नाव कसं घालायचं तेही लिहून देते. मराठीच्या बाई इथं आहेतच, मायना चुकला तर त्या सांगतील.